किन्शासा: बातम्यांपलीकडची राजधानी

काँगो नदीच्या काठावरचं किन्शासा ही काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी. आपल्या कानावर तिचं नाव येतं ते बहुधा युद्धाच्या नाहीतर साथीच्या बातमीतून. दीड कोटीच्या आसपास माणसं राहतात अशा महानगराची एवढीच ओळख असणं अन्यायाचं आहे.

गैरसमज: स्टॅन्लीने ओसाड जंगलात हे शहर वसवलं.

वस्तुस्थिती: शोधप्रवासी हेन्री मॉर्टन स्टॅन्लीने १८८१ मध्ये इथे ठाणं उभारलं आणि बेल्जियमच्या राजावरून त्याला लिओपोल्डव्हिल हे नाव पडलं. पण टेके आणि हुंबू लोकांची गावं इथे आधीपासून होती. हस्तिदंताचा मोठा व्यापारही चाले. त्यातल्याच एका गावाचं नाव १९६६ मध्ये शहराला मिळालं.

गैरसमज: नदी एवढी मोठी, म्हणजे समुद्रातली जहाजं थेट किन्शासाला लागत असणार.

वस्तुस्थिती: शहराच्या खालच्या अंगाला लिव्हिंगस्टन धबधब्यांची रांग सुरू होते. त्यामुळे समुद्रातली जहाजं मताडी बंदरापर्यंतच येतात. तिथून माल आणण्यासाठी १८९० ते १८९८ या काळात रेल्वे बांधली गेली आणि त्या कामात शेकडो मजुरांचा जीव गेला. वरच्या अंगाला मात्र किसांगानीपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर जलमार्ग मोकळा आहे. एकमेकींना बांधलेल्या सपाट नावांवर कसाव्याची पोती, लाकडी कोळसा आणि धुरी दिलेले मासे रचलेले असतात. त्या ढिगांवरच चुली मांडून अख्खी कुटुंबं कित्येक दिवस प्रवास करतात. किन्शासाच्या चुली पेटत्या राहतात त्या या वाहतुकीवर.

गैरसमज: समोरच्या काठावरचं ब्राझाव्हिल हा याच शहराचा भाग.

वस्तुस्थिती: ती काँगो प्रजासत्ताक या दुसऱ्या देशाची राजधानी. तिथे राज्य फ्रान्सचं होतं, इथे बेल्जियमचं. किन्शासाचा देश ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला, ब्राझाव्हिलचा त्याच वर्षी १५ ऑगस्टला. दोन्ही राजधान्या एकमेकींना दिसतात, पण मध्ये अजून पूल नाही. ये-जा बोटीनेच होते.

गैरसमज: किन्शासात युद्धाखेरीज काहीच नाही.

वस्तुस्थिती: बातम्यांत दिसणारा संघर्ष प्रामुख्याने देशाच्या पूर्व भागातला आहे. त्या भागातलं गोमा शहर किन्शासाहून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. किन्शासा हे संगीताचं शहर आहे. गिटारवादक फ्रँको याच शहरात मोठा झाला. २०२१ मध्ये युनेस्कोने काँगोली रुंबाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. इथल्या किंबांगिस्ट सिम्फनी वाद्यवृंदाची कीर्तीही जगभर पोहोचली आहे.

शहराचे प्रश्न गंभीर आहेत. पावसाळ्यात वाळूच्या टेकड्या खचतात, घळी वाढत जाऊन घरं गिळतात. प्रवाहाच्या मानाने जगात दुसऱ्या क्रमांकाची नदी दाराशी असताना अनेक वस्त्यांत नळाला पाणी येत नाही. किन्शासाविषयी काळजी वाटत असेल, तर आधी याची वाटायला हवी.