रुळांखाली पेटवलेल्या ज्वाला

३० जानेवारी २०१९. शिकागोत पारा उणे ३० सेल्सियसपर्यंत घसरला होता आणि उपनगरी रेल्वेच्या रुळांवर चक्क ज्वाला दिसत होत्या! ती आग नव्हती. गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे बर्फाने जाम होऊ नयेत, म्हणून तिथे गॅसवर चालणारे शेगडीवजा तापक लावलेले असतात.

रस्त्याने निघणाऱ्यांची कसोटी मात्र घराच्या दारातच लागते. काचेवरचा बर्फ खरवडून गाडीत बसावे, तर ती सुरूच होत नाही. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात आणि इंजिनातले तेलही घट्ट होते. म्हणजे ताकद कमी आणि ओझे जास्त.

पुढचा शत्रू तर दिसतही नाही. ‘ब्लॅक आइस’ काळा नसतो. त्या पातळ, पारदर्शक थरातून खालचे डांबर दिसते, एवढेच. पूल आधी गोठतात, कारण गार वारा त्यांना खालूनही लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही.

यावर उतारा मिठाचा. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ घालतात, तेच तत्त्व इथे. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि बर्फ वितळतो. पण साधारण उणे १० अंशांखाली साधे मीठ फारसे काम करत नाही. मग कॅल्शियम क्लोराइड वापरतात किंवा पकड मिळावी म्हणून वाळू पसरतात.

अशा रस्त्यावर करकचून ब्रेक दाबू नये. वेग आधीच कमी ठेवावा आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर राखावे.