कुत्रं खातं, पण अंगी का लागत नाही?



गटाच्या बैठकीत शेळीचं जंतनाशक, कोंबडीची लस यावर आपण नेहमी बोलतो. दारातल्या कुत्र्याचा विषय मात्र क्वचितच निघतो. शेंद्रा, कुंभेफळ, लाडगाव, करमाड, कुठंही जा, राखणीला कुत्रं असतंच. ते हाडकुळं झालं, केस झडले, कातडी खरबरीत झाली, तरी 'त्याची अंगलटच तशी' म्हणून आपण सोडून देतो. पण त्यामागं कारण असतं, आणि काही कारणं आपल्या लेकरांपर्यंत आणि शेळ्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी कुत्रं खरंच वाळलंय का, ते बघा. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या हाडांवरून फिरवा. आपल्या कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशाच टोचत असतील तर ते वाळलेलं आहे. आता हात सरळ करून पालथा धरा आणि पुन्हा बोट फिरवा. बरगड्या तशा लागत असतील तर तब्येत ठीक. कारवानी, पश्मी ही शिकारी जातीची कुत्री मुळातच सडपातळ असतात, तेवढं लक्षात ठेवा.

पहिलं कारण म्हणजे खाणं. केस जवळजवळ पूर्ण प्रथिनांचे बनतात. शिळी भाकरी आणि पाणीदार ताक यांनी पोट भरतं, पण केसांना काही मिळत नाही. अन्न अपुरं पडलं की शरीर आधी आतले अवयव सांभाळतं, केसांचा नंबर शेवटी लागतो. म्हणून उपासमार कातडीवर लवकर दिसते. भाकरीत शिजवलेली डाळ, उकडलेलं अंडं, शिजवलेले मटणाचे तुकडे कालवून द्या. ढाब्यावरचा उरलेला रस्सा देऊ नका. तिखट-तेलानं पोट बिघडतं आणि कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कोंबडीची शिजलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात. कुत्री व्यालेली असेल तर पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत तिची भूक दुप्पट-तिप्पट वाढते. तेवढं मिळालं नाही तर ती आपल्याच अंगातलं झिजवून दूध देते.

दुसरं कारण जंत. खाणं भरपूर आणि तरी अंगी लागत नाही, तर आधी जंतांचाच विचार करावा. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच लागतात. अशा पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि अंग काटकुळं दिसतं. काही जंत आतड्याला आकड्यासारखे चिकटून रक्त पितात, त्यांनी हिरड्या पांढुरक्या पडतात. शेपटीखाली तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे कण दिसले तर ते चपट्या जंताचे तुकडे. हा जंत पिसवांमधून येतो, म्हणून पिसवा घालवल्याशिवाय तो जात नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून ही अंडी मातीत पडतात. अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या हातातून ती पोटात जातात, आणि आकडी जंताची पिल्लं तर अनवाणी पायाच्या कातडीतूनही शिरतात.

चपट्या जंतांमधला एक फार लहान जंत वेगळा आहे. त्यानं कुत्रं फारसं वाळत नाही, म्हणून तो कळतच नाही. शेळी-मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात कधी पाण्यानं भरलेल्या गाठी दिसतात ना, त्या याच जंताच्या. कुत्र्यानं ते कच्चं खाल्लं की जंत त्याच्या पोटात वाढतो, अंडी चाऱ्यावर आणि भाजीवर पडतात, आणि तीच गाठ शेळीला किंवा माणसाला होते. माणसाच्या काळजात ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, पुढं ऑपरेशनची वेळ येऊ शकते. आपल्याकडं चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते, नवसाचे बोकड कापले जातात, आणि उरलंसुरलं कुत्र्यांपुढं पडतं. नवस आपल्या श्रद्धेचा भाग आहे, त्यावर आमचं काही म्हणणं नाही. एवढंच करा: गाठी असलेलं काळीज-फुप्फुस उघड्यावर टाकू नका, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरा.

तिसरं कारण कातडीवरचं. कानाच्या कडा आणि कोपरं खाजवून खाजवून केस गेले असतील तर ती बहुधा लूत. ती माणसालाही खाज आणते. यावर गाडीचं जळकं ऑईल चोपडायची पद्धत आहे. कुत्रं अंग चाटतं आणि ते तेल पोटात जातं, विषबाधा होते. पिकावरची फवारणीची औषधंही अंगाला लावू नका. गोचीड रक्त तर पितातच, शिवाय गोचीड ताप देतात. मग कुत्रं खाणं सोडतं, मलूल होतं, कधी नाकातून रक्त येतं. गोचीड चिमट्यानं उपटा, बोटानं चिरडू नका. भिंतीच्या फटीही साफ करा, कारण मादी तिथंच हजारो अंडी घालते.

म्हातारं कुत्रं खूप पाणी पिऊन वाळत असेल तर मूत्रपिंड किंवा साखरेचा आजार असू शकतो. दातदुखीनंही खाणं सुटतं. पण लाळ गळते, गिळता येत नाही, वागणं बदललं आहे, अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. चावलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

आता करायचं काय? पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत जंतनाशक द्यायचं. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, वजनाप्रमाणेच द्या. शेळीचं औषध अंदाजानं कुत्र्याला देऊ नका. हप्त्याची तारीख आपण चुकवत नाही, तशी ही तारीखही गटाच्या वहीत लिहून ठेवा. वर्षातून चारदाच लिहायची आहे, आणि त्या चार नोंदींत आपली लेकरं, शेळ्या आणि दारातला राखणदार तिघंही सांभाळले जातात.