परदेशी शिक्षणाचे दार आणि इंग्रजीची परीक्षा

१९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले आणि १९२० मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी तो पूर्ण केला. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला हा इतिहास ठाऊक आहे. म्हणूनच परदेशी शिक्षणाचे स्वप्न आपल्या घरांना परके नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र शासनाचीही परदेश शिष्यवृत्ती योजना आहे. पदवीला उत्तम गुण मिळवणारी आपली मुले-मुली आज या योजनांपर्यंत पोहोचतात. मात्र त्यांतील काही जण एका पायरीवर थबकतात. ती पायरी म्हणजे इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा.

शाळेत इंग्रजी शिकवताना आणि माजी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना आम्हांला जे उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

परीक्षेचे स्वरूप

अशा परीक्षा अनेक आहेत. टोफेल आणि पीटीई या त्यांतल्याच. आपले विद्यार्थी बहुतेक आयईएलटीएस देतात, म्हणून येथे तिचाच विचार करू. उच्च शिक्षणासाठी तिचा ‘ॲकॅडमिक’ हा प्रकार द्यावा लागतो. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग. प्रत्येक भागाला शून्य ते नऊ या श्रेणीत गुण मिळतात, त्यांना ‘बँड’ म्हणतात. या परीक्षेत कोणी उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण होत नाही. किती बँड हवेत हे विद्यापीठ ठरवते.

येथेच पहिली फसगत होते. समजा, एखाद्याला श्रवणात ६.५, वाचनात ७, लेखनात ५.५ आणि संभाषणात ६ मिळाले. सरासरी ६.२५ येते आणि ती ६.५ धरली जाते. विद्यार्थी आनंदतो. परंतु अनेक विद्यापीठांची अट एकूण ६.५ आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको, अशी असते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वर्ष लेखनातल्या त्या अर्ध्या बँडापायी गेले. तेव्हा आपल्या अभ्यासक्रमाची अट आधी वाचावी आणि मग सर्वांत दुबळ्या भागाला सर्वाधिक वेळ द्यावा.

चार भाग, चार सवयी

श्रवणाचा भाग सुमारे तीस मिनिटांचा असून त्यात चाळीस प्रश्न असतात. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. एक उत्तर हुकले की मूल त्याचाच विचार करीत राहते आणि पुढची दोन हुकतात. गेलेले सोडून पुढच्या वाक्यावर मन आणणे हे येथले खरे कौशल्य. सकाळच्या ध्यानवर्गात भरकटलेले मन परत श्वासावर आणायला आपण शिकवतो, तेच येथे करायचे आहे. त्याखेरीज ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक, ‘जी’ आणि ‘जे’ ही अक्षरे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक ऐकून लिहिण्याचा सराव रोज दहा मिनिटे करावा. स्पेलिंग चुकले तर गुण जातो.

वाचनासाठी तीन दीर्घ उतारे, चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटे असतात. विधान बरोबर, चूक की ‘माहिती दिलेली नाही’, हे ठरवण्याचा प्रश्न आपल्या मुलांना विशेष अडवतो. उताऱ्यात म्हटले आहे : ‘१९६० साली गावात शाळा सुरू झाली, पहिल्या वर्षी चाळीस मुले होती.’ ‘पहिल्या वर्षी शंभर मुले होती’ हे विधान चूक. पण ‘शाळा गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभी राहिली’ या विधानाचे काय? आपली मुले त्याला बरोबर ठरवतात, कारण त्यांनी पाहिलेल्या शाळा वर्गणीतूनच उभ्या राहिल्या आहेत. उतारा मात्र त्याविषयी काहीच सांगत नाही. आपल्याला काय ठाऊक आहे हे बाजूला ठेवून समोर काय लिहिले आहे तेवढेच पाहणे, ही शिस्त पुढे संशोधनातही उपयोगी पडते.

लेखनासाठी साठ मिनिटे मिळतात. पहिल्या कार्यात आलेख, तक्ता किंवा प्रक्रियेचे वर्णन किमान १५० शब्दांत करायचे. दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा. दुसऱ्याचे वजन दुप्पट, म्हणून वीस आणि चाळीस मिनिटे अशी वाटणी करावी. शाळेत आपण मुलांना सुविचाराने व अलंकारिक वाक्यांनी निबंध सुरू करायला शिकवतो. येथे तो गुण ठरत नाही. आपले मत पहिल्या परिच्छेदात स्पष्ट सांगावे, प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा घ्यावा, त्याला कारण व उदाहरण द्यावे. पाठ केलेला निबंध परीक्षक ओळखतात आणि त्याचा तोटाच होतो. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे ती गाळण्याची चूक आपल्याकडून सर्वाधिक होते. लिहून झाल्यावर शेवटची तीन मिनिटे केवळ उपपदे, अनेकवचने आणि क्रियापदे तपासण्यासाठी राखावीत.

संभाषण अकरा ते चौदा मिनिटांचे असते. आधी घर, गाव, शिक्षण यांविषयी साधे प्रश्न. मग एका विषयाचे कार्ड, एक मिनिट तयारी आणि एक ते दोन मिनिटे बोलणे. शेवटी त्याच विषयावर चर्चा. येथे आम्हांला स्वतःचीच एक चूक कबूल केली पाहिजे. वडीलधाऱ्यांपुढे कमी बोलावे, विचारले तेवढेच सांगावे, ही वसतिगृहाची शिस्त आम्हीच लावली. परीक्षकासमोर तीच मुले ‘येस सर’ म्हणून थांबतात. परीक्षकाला उद्धटपणा नको असतो, पण उत्तर हवे असते : मत, त्याचे कारण आणि आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग. उच्चार साहेबी असावा लागत नाही. मराठी वळणाचा असला तरी चालतो. तो ऐकणाऱ्याला सहज समजावा एवढीच अपेक्षा असते.

पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी

या परीक्षेचे शुल्क पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे. मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. ‘एकदा देऊन बघू’ म्हणून परीक्षेला बसू नये. घड्याळ लावून घरी सोडवलेल्या तीन-चार सराव प्रश्नपत्रिकांत अपेक्षित बँड सातत्याने येऊ लागले, की मगच नावनोंदणी करावी. निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणून फार आधी देण्यातही अर्थ नाही.

परीक्षेला वैध पासपोर्ट लागतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे, आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, असे आपल्याकडे नेहमी घडते. ही दुरुस्ती आणि पासपोर्ट यांत महिने जातात. पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या आरंभीच हे काम हाती घ्यावे. बँड हाती नसल्यास विद्यापीठ सशर्त प्रवेशपत्र देते. शिष्यवृत्तीसाठी मात्र बहुधा विनाअट प्रवेशपत्र मागतात. म्हणून शिष्यवृत्तीची त्या वर्षीची जाहिरात नीट वाचून, अर्जाच्या अंतिम तारखेपासून मागे मोजत परीक्षेची तारीख ठरवावी.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

महागडा वर्ग लावला तरच बँड मिळतात, असा आमचा अनुभव नाही. सहा महिने रोज दोन तास, आठवड्याला दोन निबंध आणि ते तपासणारे कोणीतरी, एवढे मिळाले तर मराठी माध्यमातून आलेले मूलही ही पायरी चढते. यांतले पहिले दोन मुलांच्या हाती आहेत. तिसऱ्यासाठी माणसे हवीत. आपल्यापैकी अनेक जण आज बँकांत, महाविद्यालयांत, कंपन्यांत आहेत. काही परदेशातही आहेत. रविवारी अर्धा तास एका मुलाशी फोनवर इंग्रजीत बोलावे, आठवड्याला त्याचा एक निबंध तपासून द्यावा. देणगीची पावती आम्ही दरवर्षी देतच असतो. यंदा त्याबरोबर हा अर्धा तासही मागत आहोत. इच्छुकांनी मेळाव्याच्या दिवशी कार्यालयातील वहीत आपले नाव व सोयीची वेळ नोंदवावी.