डोंगराचा टंच

मैत्रिणींनो, आपल्या हुपरीत चांदीचा टंच काढल्याशिवाय व्यवहार होत नाही. घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं, की लगडीचा एकच कोपरा तपासून अख्ख्या लगडीची ग्वाही देता येत नाही. डोंगराच्या बाबतीत मात्र नेमकं तसंच होतं.

आपल्या स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची पातेली बॉक्साइटपासून बनतात. हा बॉक्साइट आपल्याच जिल्ह्यात, डोंगरमाथ्यावरच्या सड्यांवर सापडतो. राधानगरीतलं दुर्गमानवाडी, चंदगडमधला कासारसडा इथून तो वर्षानुवर्षं बेळगावकडे गेला. मोठी खाण सुरू करायची तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो. तिथं कोणते प्राणी, कोणत्या वनस्पती, त्यांतलं दुर्मीळ काय, हे सगळं त्यात यायला हवं.

गोम इथंच आहे. खाणींसाठी ठरलेल्या अटींनुसार ही पाहणी एकाच हंगामात केली तरी चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून!

मी सडा दोन्ही रूपांत पाहिलाय. एप्रिलमध्ये नुसता काळा कातळ आणि वाळकं गवत. कुणीही म्हणेल, पडीक जागा. ऑगस्ट संपता संपता त्याच कातळावर, बोटभर मातीत, गेंदाची पांढरी बटणं आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर. मातीत कस नसतो, म्हणून ही सीतेची आसवं चक्क बारीक जीव पकडून पोट भरतात! पाऊस सरला की बघता बघता सगळं वाळून जातं.

जिवांचंही तसंच. आजऱ्याला लागून असलेल्या आंबोलीत, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक छोटा भेक २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदवला गेला. जगभरच्या धोक्यातल्या जिवांच्या यादीत तो 'अत्यंत संकटग्रस्त' गटात आहे. कातळावर साठलेल्या पावसाच्या पाण्यात तो अंडी घालतो. उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला असा जीव दिसणार कसा?

आणि यादीत नाव नाही, तर त्याला वाचवायचा आराखडाही नाही. गवा निदान डोळ्यांत भरतो. या बारक्यांची दखल कोण घेणार? खाण संपल्यावर खड्डे बुजवून झाडं लावतात, पण त्यानं सडा परत येत नाही. त्याला सावली नको असते, उघडा कातळ हवा असतो.

"आपण कुठं, डोंगर कुठं?" असं म्हणू नका. सड्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी झऱ्यांना मिळतं. राधानगरीचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं, आणि पंचगंगा आपलीच.

मग आपण काय करायचं? जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. तो मागून घ्या. सुनावणीला जाणं जमलं नाही तर म्हणणं लेखी पाठवता येतं. माहेर डोंगरभागातलं असेल तर तिथल्या वहिनीला, काकूला सोबत घ्या. गुरं घेऊन बारा महिने सड्यावर जाणाऱ्या बाईइतकी माहिती कुणाकडे असणार?

तिथं तीन गोष्टी विचारा. पाहणी कोणत्या महिन्यांत केली? पावसाळ्यात पुन्हा कधी करणार? झरे आटले तर पाणी कोण देणार? सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. त्यात आपला प्रश्न आला का, ते ऐकल्याशिवाय उठू नका.