गाडीचे मागचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरी बदलता येतात का?

ब्रेक दाबला की मागच्या चाकातून कर्कश आवाज येतोय? पॅड झिजल्याची ही खूण असू शकते. पॅड आणि डिस्क घरी बदलता येतात. पण आधी मागे डिस्कच आहे ना, ते बघा. भारतातल्या अनेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात.

मागचे ब्रेक वेगळे का?

बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. त्यामुळे अनेक कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. जबरदस्ती केली तर कॅलिपर बिघडतो. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर तो आधी सर्व्हिस मोडवर टाकावा लागतो.

काय सांभाळायचं?

- सपाट जागेवर पुढच्या चाकांना अडण लावा, नट सैल करा, मग हँडब्रेक सोडा.
- गाडी फक्त जॅकवर ठेवू नका, स्टँड लावाच.
- कॅलिपर ब्रेकच्या पाइपला लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.
- डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याहून पातळ झाली असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदम बदला.
- नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा.

सगळ्यात धोकादायक चूक कोणती?

पिस्टन आत गेलेला असल्याने पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं, ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. तरीही ते मऊच लागलं, तर गाडी रस्त्यावर काढू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.