अपघाताचे कारण आणि मृत्यूचे कारण

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली व ३३ जणांपैकी २५ जण मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत तशी खूण आढळली नाही. ‘कारण’ हा शब्द आपण एकवचनात वापरतो, आणि तेथेच घोटाळा होतो (भाषाभ्यासकाची ही खोड क्षम्य मानावी). बस का उलटली हा एक प्रश्न. आतील माणसे बाहेर का पडू शकली नाहीत, हा सर्वस्वी निराळा. बस डाव्या अंगावर पडल्याने दरवाजा खाली दबला. काच फोडून मोजकेच प्रवासी बाहेर आले.

विल्यम हॅडन यांनी अपघातपूर्व, प्रत्यक्ष आघात व अपघातोत्तर असे तीन टप्पे कल्पिले. डुलकीची सूचना देणारे यंत्र पहिल्या टप्प्याचे, आसनपट्टा दुसऱ्याचा, आपत्कालीन दार तिसऱ्याचे. प्रत्येकाची परीक्षा त्याच्याच टप्प्यातील नोंदींवरून व्हावयास हवी.

खरी अडचण पहिल्या टप्प्याची आहे, कारण टळलेला अपघात कोणत्याच दप्तरी चढत नाही. त्यावर एक तोड आहे. उभ्या वाहनास मागून धडक बसते तेव्हा त्याच्या स्वतःच्या ब्रेकप्रणालीचा संबंध नसतो. अशा वाहनांतील प्रणालीयुक्त व प्रणालीरहित यांचे प्रमाण रस्त्यावरील प्रमाणाचा अंदाज देते. इतर अपघातांत प्रणालीयुक्त वाहने त्याहून कमी भरली, तरच प्रणालीस श्रेय द्यावे. मात्र त्यासाठी ती बसविलेली व चालू होती काय, हे पंचनाम्यात लिहिलेले असावे लागते.