तरुणाच्या मनगटावरचा ऐवज

मुलगा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, कोठे त्याची पहिली नेमणूक झाली, अथवा तो बोहल्यावर उभा राहिला, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने त्याच्या मनगटावर घड्याळ बांधावे, हा शिरस्ता आपल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इतका दृढ झाला होता की, मुंज लागलेला आठ वर्षांचा बटूदेखील मामाच्या आहेरात घड्याळाची वाट पाहत असे. आता केवळ वेळ पाहण्यासाठी घड्याळाची गरज कोणालाच उरलेली नाही. ते काम खिशातला मोबाइल अधिक बिनचूकपणे करतो. त्यामुळे तरुण मुलाला आठवण म्हणून काय द्यावे, असा प्रश्न एखाद्या आजोबांना, काकांना वा मोठ्या बहिणीला पडतो आणि घड्याळाचे नाव निघते, तेव्हा ‘ते आता कशाला?’ असे घरात कोणी तरी म्हणतेच. माझे मत असे की, उपयुक्ततेचे ओझे उतरल्यामुळेच घड्याळ हे स्मरणवस्तू म्हणून पूर्वीपेक्षा अधिक योग्य झाले आहे. मात्र ते कोणते द्यावे याचा विचार किमतीच्या अंगाने न करता त्या यंत्राच्या स्वभावाच्या अंगाने केला पाहिजे, आणि तसा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

पुरुषाने मनगटावर घड्याळ बांधावे ही रीत वाटते तितकी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात पुरुषाचे घड्याळ खिशात असे. वकिलाच्या किंवा मामलेदाराच्या कोटावरून लोंबणारी त्याची साखळी हुद्द्याचे द्योतक मानली जाई, आणि मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. सांतोस-द्यूमाँ या विमानविद्येने झपाटलेल्या ब्राझिलियन गृहस्थास आकाशात असताना खिशात हात घालणे जमेना, म्हणून १९०४ साली पॅरिसचा जवाहिऱ्या लुई कार्तिए याने आपल्या या मित्रासाठी मनगटी घड्याळ घडवले. पुढे दहा वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले, खंदकांतल्या सैनिकांना एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती घड्याळ परवडेना, आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या मनगटांवर घड्याळ कायमचे स्थिरावले. आपल्याकडे मुंबईत १८८६ साली स्थापन झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस बनावटीची घड्याळे हिंदी पलटणींतल्या शिपायांमध्ये लोकप्रिय होती. खुद्द मुंबई शहराची वेळेविषयीची रीत तर निराळीच होती: १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली तरी, तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ या शहराने १९५५ सालापर्यंत पुरती सोडली नव्हती. गिरणीचा भोंगा, लोकलचे वेळापत्रक आणि कचेरीतला हजेरीचा मस्टर या तिहींच्या कात्रीत सापडलेल्या शहरात नोकरीवर रुजू होणाऱ्या पोराच्या हाती स्वतःचे घड्याळ असणे ही चैन नव्हती; घरच्यांनी ते देणे म्हणजे त्याच्या कर्तेपणावर शिक्कामोर्तब करणे होते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले आणि चांगले घड्याळ हे विलायतेहून येणाऱ्या आप्ताच्या बॅगेतून अथवा चोरट्या मार्गानेच मिळण्याची वस्तू बनली. ही अडचण दूर केली ती १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीच्या एचएमटी, या सरकारी कंपनीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली तिने बंगळूरला घड्याळांचा कारखाना उभारला. त्यातून बाहेर पडलेल्या घड्याळांची पहिली तुकडी पंडित नेहरूंच्या हस्ते वितरित झाली, आणि पुढे श्रीनगर, तुमकूर व राणीबाग येथे याच कंपनीचे कारखाने निघाले. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन, जवान, तरुण ही त्या घड्याळांची नावे ज्यांनी ऐकली नाहीत असे मराठी घर त्या काळी विरळाच असेल. यांतले ‘जनता’ मला विशेष आदरणीय वाटते. साधी पांढरी तबकडी, रोज चावी द्यावी लागणारे सतरा ज्वेलचे यंत्र, कोठेही दिमाख नाही. त्याच्या काही घड्याळांवर तर आकडेही देवनागरी होते. दृष्टिहीनांसाठी बोटांनी चाचपून वेळ कळेल असे ब्रेल घड्याळही या कंपनीने काढले. ज्या देशाला आपल्या माणसाच्या हाती आपल्याच लिपीतली वेळ द्यावीशी वाटली, त्या देशाचा तो काळ कसा होता, हे समजून घ्यायचे असेल तर अशा एखाद्या घड्याळाकडे पाहावे. २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. तथापि त्या घड्याळांपैकी पुष्कळशी घराघरांतल्या कपाटांत अद्याप पडून आहेत, आणि त्यांच्याकडे मी पुढे वळणारच आहे.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बंगळूरचा कारखाना ज्या १९६१ साली उभा राहिला, त्याच साली हुंडा प्रतिबंधक कायदा झाला, आणि तरीही त्यानंतरची कित्येक वर्षे लग्नाच्या याद्यांत घड्याळ, अंगठी आणि सायकल या तीन जिनसा नवऱ्या मुलाच्या हक्काच्या म्हणून लिहिल्या जात राहिल्या. अमुकच कंपनीचे घड्याळ हवे, सोनेरीच हवे, अशा मागण्यांपायी वधूपित्याने सावकाराचे किंवा पतपेढीचे दार ठोठावले, याच्या हकिगती ज्या कुटुंबांनी सोसल्या त्यांना त्या अजून सांगवत नाहीत. मागून घेतलेले घड्याळ वेळ बरोबर दाखवील, परंतु त्यातून कोणाचीही प्रेमाची आठवण निघणार नाही; ती वसुली होय. म्हणून तरुणास घड्याळ द्यायचे ते त्याच्या स्वतःच्या वडीलधाऱ्यांनी द्यावे, लग्नाच्या मांडवात न देता त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाच्या दिवशी द्यावे, आणि सासरहून येऊ घातलेले घड्याळ मुलाच्या घरच्यांनी आपण होऊन नाकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जी गोष्ट मुलाला, तीच मुलीलाही. पहिल्या पगाराच्या दिवशी लेकीच्या मनगटावर घड्याळ बांधणारे वडील मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

आता यंत्राविषयी. चावीच्या घड्याळात विजेचा अंशही नसतो. चावी फिरवली की आत गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग ताणली जाते. ती उलगडू पाहते, आणि तिची शक्ती दातेरी चाकांच्या मालिकेतून बॅलन्स व्हील नावाच्या एका इवल्या चाकापर्यंत पोहोचते. या चाकाला केसासारखी बारीक, सर्पिल स्प्रिंग जोडलेली असते. तिच्यामुळे ते चाक ठरावीक गतीने मागेपुढे हेलकावे घेते, आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक चाकांची मालिका एक पाऊल पुढे सरकते. ही केसस्प्रिंग घड्याळात बसवण्याची युक्ती डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्स याने १६७५ साली प्रसिद्ध केली. जुन्या एचएमटी घड्याळाचे चाक तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाचदा आणि दिवसाकाठी ४ लाख ३२ हजार वेळा, हलते. इतक्या अविश्रांत हालचालीने चाकांचे आस झिजू नयेत म्हणून ते कृत्रिम माणकाच्या सूक्ष्म खड्यांत बसवलेले असतात. ‘सतरा ज्वेल’ या शब्दांचा अर्थ एवढाच, आणि त्या खड्यांना रत्न म्हणून बाजारात काही किंमत नसते. असे यंत्र दिवसाला दहावीस सेकंद मागेपुढे झाले तर तो त्याचा कसूर समजू नये: दिवसाच्या ८६,४०० सेकंदांपैकी वीस सेकंदांची चूक म्हणजे पाव टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी आहे.

सेलच्या घड्याळाची रीत वेगळी. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सिको कंपनीने टोकियोत पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आज अशा घड्याळात स्फटिकाचा एक तुकडा विजेच्या योगाने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून काटे चालतात. बिनचूकपणात चावीचे घड्याळ त्याच्या जवळपासही येत नाही. आपल्याकडे टाटा उद्योगसमूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ साली काढलेल्या टायटन कंपनीने होसूरच्या कारखान्यातून हीच घड्याळे देशभर पोहोचवली, आणि घड्याळ ही प्रियजनांना भेट देण्याची वस्तू आहे हे जाहिरातींतून लोकांच्या मनावर ठसवले. रोजच्या वापरासाठी सेलचे घड्याळ उत्तम, यात शंका नाही. परंतु वीसपंचवीस वर्षांनी त्याचे इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडले तर घड्याळजी ते दुरुस्त करीत नाही, बदलतो. आणि तोवर त्या जातीचे सर्किट बाजारातून नाहीसे झालेले असले तर घड्याळ कायमचे मुके होते. चावीच्या घड्याळाचे तसे नाही: त्याचा झिजलेला भाग दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढून बसवता येतो, प्रसंगी हातानेही घडवता येतो. शिवाय रोज सकाळी ते हाती घेऊन चावी द्यावी लागते, आणि ज्याने ते दिले त्याची सय होण्याला दिवसातला एक क्षण आपोआप मिळतो. आठवण म्हणून द्यायचे तर चावीचे किंवा हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे ऑटोमॅटिक घड्याळच द्यावे, या माझ्या आग्रहाचे कारण हे.

यासाठी लाखो रुपये खर्चण्याचे कारण नाही. सिको, सिटिझन, ओरिएंट या जपानी कंपन्यांची ऑटोमॅटिक घड्याळे एखाद्या चांगल्या मोबाइलपेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळतात आणि दोन पिढ्या चालण्याइतकी मजबूत असतात. मात्र विकत घेण्यापूर्वी आपल्या गावात अथवा जवळच्या शहरात त्या घड्याळाला हात लावू शकणारा घड्याळजी आहे की नाही, याची खातरजमा अवश्य करावी. ज्याच्या दुरुस्तीसाठी सिंगापूर गाठावे लागेल असे घड्याळ पहिल्या बिघाडानंतर कपाटात जाते. तबकडी मुलाच्या मनगटापेक्षा रुंद नसावी; ३६ ते ४० मिलिमीटर व्यासाचे घड्याळ बहुतेकांना शोभते, आणि आजची थाळीएवढी घड्याळे पुढच्या पिढीला नकोशी होण्याचा संभव फार. सोनेरी मुलामा आपल्या हवेत घामाने उडतो, त्यापेक्षा स्टेनलेस स्टील बरे. कोकणात वा मुंबईत राहणाऱ्यास चामड्याचा पट्टा देऊ नये, कारण पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ असे लिहिलेले पाहून मुले घड्याळासकट पोहायला उतरतात. वस्तुतः त्या शब्दांचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे सोसण्यापलीकडे जात नाही, हे त्याला देतानाच सांगावे. तारीख दाखवणारे घड्याळ असेल तर रात्री नऊपासून पहाटे तीनपर्यंत तारीख हाताने बदलू नये. त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि दाते मोडतात. घड्याळ एकाएकी पुढे पळू लागले तर बहुधा ते स्पीकरजवळ किंवा लोहचुंबक बसवलेल्या मोबाइलच्या कव्हराजवळ राहिलेले असते. घड्याळजी त्यातले चुंबकत्व काही क्षणांत काढतो.

परंतु नव्या घड्याळापेक्षाही श्रेष्ठ भेट म्हणजे घरातलेच जुने घड्याळ. आजोबांचे बंद पडलेले ‘जनता’ अथवा ‘पायलट’ ज्या घरात आहे, त्या घराने नातवासाठी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ते कपाटातून काढावे. बंद पडण्याचे कारण पुष्कळदा इतकेच असते की आतले तेल वाळून गेले आहे. ते पूर्ण उघडून, धुऊन, नव्याने ऑइलिंग केले की ते चालू लागते. ओरखडे पडलेली प्लॅस्टिकची काच घासून पुन्हा स्वच्छ करता येते. एकच गोष्ट मात्र घड्याळजीस निक्षून सांगावी: तबकडी रंगवू नये. बाजारात जुन्या एचएमटीच्या नावाने जी चकचकीत, रंगीबेरंगी घड्याळे विकली जातात त्यांतल्या अनेकांच्या तबकड्या अलीकडे रंगवलेल्या असतात आणि आतले भाग चार घड्याळांतून गोळा केलेले असतात. अस्सल घड्याळाची पिवळसर पडलेली तबकडी ही त्या माणसाच्या आयुष्याची नोंद आहे, आणि ती पुसून मिळणाऱ्या नवेपणाचे मोल शून्य आहे.

घड्याळाच्या पाठीवर नाव कोरून घेण्याची पद्धत चांगली आहे, परंतु तेथे जागा थोडी असते. मुलाचे नाव, देणाऱ्याचे नाते आणि तारीख एवढेच, देवनागरीत, कोरावे. बाकीचे कागदावर लिहावे. हे घड्याळ कोणत्या प्रसंगी दिले, जुने असेल तर ते पूर्वी कोणी, कोठल्या नोकरीत वापरले, केव्हा आणि कोणाकडे दुरुस्त केले, हे देणाऱ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून पावतीसह डबीत ठेवावे. पन्नास वर्षांनी तो कागद त्या घराच्या दृष्टीने एखाद्या सनदेहून कमी दर्जाचा दस्तऐवज ठरणार नाही. सर्व्हिसिंगची मुदत साधारण चार-पाच वर्षांची. ती पहिल्यांदा भरेल तेव्हा शक्य असल्यास देणाऱ्यानेच मुलाला बरोबर घेऊन घड्याळजीकडे जावे, झाकण उघडल्यावर आतले चाक त्याला भिंगातून दाखवायला सांगावे आणि दोघांची ओळख करून द्यावी, म्हणजे पुढच्या खेपेस तो एकटा जाईल.